हरारेची बिल्डिंग आणि मामाचं आढं

मे महिन्यात वर्ध्याकडे कोणी फिरायला जातं का, पण मामाच्या नव्या घराची वास्तू होती, म्हणून गेलोच. वाटेत सेवाग्राम केलं. गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं इतकं ऊन आणि आदिनिवासात, म्हणजे गांधीजींच्या तिथल्या पहिल्या घरात, पाय ठेवला तर एकदम हायसं वाटलं. जाड मातीच्या भिंती, वर बांबू अन् कवेलू (कौलं), छप्पर इतकं खाली उतरलेलं की भिंतीवर ऊन येतच नाही. १९३६ मध्ये गांधीजींची अट होती, खर्च ५०० रुपयांच्या वर नको, सामान अन् मजूर इथलेच.

मामाची नवी खोली स्लॅबची. रात्री अकराला भिंतीला हात लावला तर तवा! त्यात लाइट गेली, कुलर बंद. गादी उचलून जुन्या मातीच्या घरात गेलो, तिथे मामी आधीच झोपलेली होती :)

सकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छातीएवढं वारूळ दिसलं, नागपंचमीला लाह्या वाहतात तेच. मी लगेच मामाला झिंबाब्वेची राजधानी हरारेची गोष्ट सांगायला लागलो. मिक पिअर्स नावाच्या आर्किटेक्टने १९९६ मध्ये तिथे ईस्टगेट नावाची बिल्डिंग उभी केली, कल्पना वारुळावरून घेतली, नेहमीचा एसी नाहीच, रात्रीची गार हवा पंख्यांनी आत ओढायची, काँक्रीट थंड करून ठेवायचं, मग दिवसभर तोच गारवा वापरायचा आणि गरम हवा वर धुराड्यांतून बाहेर. गंमत म्हणजे वारूळ तसं चालतच नाही असं नंतर संशोधकांनी दाखवलं, आतलं तापमान मुख्यतः आजूबाजूची जमीनच सांभाळते, वरचा मनोरा श्वासासाठी. बिल्डिंग मात्र चालते, कारण हरारे जवळपास १५०० मीटर उंचावर, रात्री गार. आपल्याकडे मे मधल्या रात्री पारा कित्येकदा तिशीच्या खाली यायला तयार नसतो, तिथे गार हवा आणणार कुठून? म्हणून ती बिल्डिंग जशीच्या तशी इथे उचलून आणली तर फसेल. सावली, जाड भिंत, खाली उतरलेलं छप्पर, हे जास्त कामाचं.

मामा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "हे सारं खरं हाय बाप्पा, पण मी जुनं घर काहून सोडलं तुले माहीत हाय का?" घरी नेऊन त्यानं आढ्यावर काठी ठोकली, भुरभुर पिठासारखी माती पडली. उधई, म्हणजे वाळवी, वारूळ बांधणारी. जिच्यावरून हरारेत बिल्डिंग बांधली तिनंच मामाचं सागवान पोखरलेलं. "अन् सारवाले आता कोन येते? तुही मामी थकली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री परत जुन्या घरातच झोपलो, फक्त गादी आढ्याखालून जरा बाजूला ओढली.