आरएक्स १०० चा पिस्टन: आधी माप, मग बोर

वरुडकडं राहतो, संत्र्याची वाडी आहे, अन् यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० मोटरसायकलचं एक इंजिन मनासारखं बांधायचं लय दिवसांपासून डोक्यात होतं. क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) एका गाडीचं, सिलिंडर दुसऱ्याच गाडीचा. कंपनीचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ही ५०, म्हणजे ९८ सीसी, पण हा सिलिंडर आधी बोर झालेला, म्हणजे आतून कोरून मोठा केलेला, स्पष्ट दिसत होता.

गावात सगळे म्हणे व्हर्नियर लावून पाहा नं. पण व्हर्नियर दाखवणार ०.०२ मिमीपर्यंत, अन् पिस्टन-बोरमधली फटच शतांशातली, त्यात काय समजणार! मग सिलिंडर पिशवीत घालून एसटीनं अमरावती गाठली. तिथल्या बोरिंगवाल्या काकांनी डायल बोर गेज (आतला व्यास मोजायचं घड्याळी माप) लावून वर, मधात, खाली, प्रत्येक जागी पुढंमागं अन् आडवं माप घेतलं. वर पुढंमागं ५०.६२, आडवं ५०.५६. म्हणजे ०.५० चा ओव्हरसाइज (कंपनीच्या मापाहून ०.५० मिमी मोठा) होऊन गेलेला अन् तोही घासून लंबगोल झालेला. आता ०.७५ शिवाय रस्ता नाही.

काकांनी तिथंच सांगितलं, "पिस्टन आणा जी पयले, मंग बोर करतो." माझ्या मते सगळ्या कामात हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण ०.७५ लिहिलेले दोन वेगवेगळ्या मेकचे पिस्टन आणले तर मायक्रोमीटरवर एक ५०.७१ अन् दुसरा ५०.६९ निघाला. माप घ्यायचं ते स्कर्टवर (पिस्टनची खालची बाजू), आडव्या पिनच्या काटकोनात, खालच्या कडेच्या थोडं वर; माथ्याकडं पिस्टन मुद्दाम बारीक असतो कारण तिथं जास्त तापतो. मायक्रोमीटरही ५० ते ७५ चा पाहिजे, २५-५० वाला इथं कामाचा नाही. मग पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून पाहिली, ५०.६९ वाला अर्धा मिमी उंच, म्हणजे हेडकडची जागा कमी होणार. तो परत केला.

५०.७१ मध्ये मॅन्युअलचा क्लिअरन्स (पिस्टन-बोरमधली फट) मिळवून बोर अन् होनिंग (दगडानं बारीक घासाई) केलं, फट वरच्या मर्यादेकडं ठेवली. तापल्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडापेक्षा (ओतीव लोखंड) जवळपास दुप्पट फुगतं, इंजिन हवेवर थंड होणारं, अन् मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तिथं फट कमी ठेवली तर पिस्टन जाम झालाच समजा. बोर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या खिडक्या) धारदार कडा हलक्या हातानं मारून घ्या, नाहीतर पिस्टनची रिंग अडकते. रिंगही नुसती बोरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तिच्या दोन टोकांमधली फट तपासली. पिस्टन माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडं ठेवून बसवला, १०१ सीसी झाली, अन् रिंगा बसेपर्यंत अर्ध्या थ्रॉटलवरच वरुड-मोर्शी चालू आहे.