ई-टाइपचा पत्रा, एनएसएक्सचे कागद

जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली, होंडा एनएसएक्स १९९० साली. एकीच्या लांबलचक बॉनेटखाली ३.८ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आणि त्यात पेट्रोल-हवा मिसळून देणारे एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर. दुसरीत सीटमागे ३ लिटरचं व्ही-६, तेही टायटॅनियमच्या कनेक्टिंग रॉडचं. कोणती जास्त पळते हा वाद गप्पांपुरता ठीक. घ्यायची असेल तर खर्च कुठे दडलाय ते आधी शोधा.

ई-टाइपमध्ये तो पत्र्यात दडतो. यांत्रिक सुटे भाग आजही नवे बनतात, त्यामुळे थकलेल्या इंजिनाला घाबरू नका. दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, मात्र नीट तपासा, बॉडीची ताकद त्यांच्यातच आहे. उघड्या टपाच्या गाडीला मागून जॅक लावून दार उघडझाप करा. दार घासलं किंवा फट बदलली तर सिल गंजाने खाल्लेले आहेत, वरचा रंग कितीही चकचकीत असो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत टेके वेल्ड करावे लागतात. ते केले नाहीत तर बॉडी मधे खचते आणि दारं पुन्हा कधी धड लागत नाहीत.

इंजिन धरणारी पुढची फ्रेम पातळ नळ्यांची असते, बोल्टने बसवलेली. नळ्या आतून गंजतात. ठिगळ लावू नका, फ्रेम बदला. चेसिस नंबर याच फ्रेमवर ठोकलेला असतो, तेव्हा फ्रेम नवी दिसली तर नंबर तिच्यावर कसा आला ते विचाराच.

मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून आहेत. उष्णतेने तिथले ऑइल सील (तेल आत धरणाऱ्या रबरी कड्या) कडक होतात, तेल डिस्कवर येतं. सील बदलायचे तर मागचं सस्पेन्शन पिंजऱ्यासकट खाली उतरवावं लागतं. (हा आराखडा कुणाला सुचला, देव जाणे.)

एनएसएक्सची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून गंजाची चिंता फारशी नाही. पण रंगाखालची पुट्टी ओळखायचं लोहचुंबक इथे निरुपयोगी, ते या धातूला चिकटतच नाही. पुट्टी शोधायला अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा पेंट-गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, हवं. ठोकलेलं अ‍ॅल्युमिनियम सरळ करणं साध्या गॅरेजचं काम नाही.

बाकी सगळं सर्व्हिसच्या कागदांवर. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून बेल्ट आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलल्याची तारखेची पावती मागा. गाडी कमी चाललीय हे उत्तर चालत नाही, रबर वयानेही जातं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, त्यामुळे कूलंटचे पाइप लांब. नवं कूलंट भरल्यावर हवा एकाहून जास्त ठिकाणांहून काढावी लागते. अडकून राहिली तर इंजिन तापतं.

सुरुवातीच्या काही पाच गिअरच्या गाड्यांत गिअरबॉक्समधली स्नॅप रिंग (भाग जागेवर धरणारी कडी) तुटते आणि केसिंगही फोडते. ते काम झालंय का, तेही कागदांतच पाहा. एसीचा पंखा मनाला येईल तसा फिरत असेल तर कंट्रोल बोर्डावरचे कपॅसिटर गळलेले असण्याची शक्यता मोठी. ते वेळीच बदलून बोर्ड साफ केला तर वाचतो. उशीर झाला की गळलेला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो.