३८६ बोर्ड, भाग ३: सहा बीप आणि बॅटरीखालचे ट्रॅक

सहा बीप आले! चालू होताना दोष सापडला की कॉम्प्युटर असे मोजून बीप देतो. जुन्या कॉम्प्युटरचा मेलेला मदरबोर्ड ज्यांनी हाताळलाय त्यांना कळेल, एररचा का होईना पण आवाज आला याचं काय अप्रूप असतं ते.

बोर्ड मागच्या भागांतलाच, ३८६ डीएक्स प्रोसेसरचा, चिप्सवर ९१२२ छापलंय म्हणजे १९९१ चा बाविसावा आठवडा. कीबोर्ड सॉकेटजवळची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी वाहिलेली, ती मागच्या भागात कापून काढली होती. आतलं इलेक्ट्रोलाइट अल्कली असतं म्हणून आधी व्हिनेगर, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). दोन दिवस वाळवला, वरून अगदी स्वच्छ दिसत होता.

तरी चालू होईना, पॉवर सप्लायचा फॅन एक झटका घ्यायचा आणि बंद. सप्लायवरच संशय आला म्हणून तो उघडला, प्लग काढून रात्रभर ठेवला होता तरी मेन कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) मीटरने मोजल्याशिवाय आत हात घातला नाही, तिथे ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो, प्लीज हे कोणीही टाळू नका. मेन्स फिल्टरच्या पिवळट पेपर कपॅसिटरना केसासारख्या भेगा पडलेल्या. भेगांतून ओल आत जाते आणि एक दिवस धूर काढून फुटतात, म्हणून ते बदलले. पण दोष तिथे नव्हताच! बोर्डवर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १ ओहमपेक्षा कमी, म्हणजे कुठला तरी टँटलम कपॅसिटर शॉर्ट, आतून थेट जोडला गेलेला. स्लॉट्सशेजारच्या टँटलमचा एकेक पाय उचलत गेलो, तिसऱ्याचा उचलल्यावर शॉर्ट नाहीसा झाला.

परत जोडताना दोन्ही पॉवर प्लगच्या काळ्या वायर मधोमध, एकमेकींना लागून. हे मी दरवेळी मोठ्याने म्हणतो, कारण अदलाबदल करूनही ते प्लग बसतात आणि मग बोर्ड जातो.

तर सहा बीप. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) याचा अर्थ कीबोर्ड कंट्रोलर चिप किंवा तिच्याकडून जाणारा गेट ए२० हा मेमरीचा सिग्नल बिघडलाय. दुसऱ्या बोर्डावरची चिप लावून बघितली, तेच. सॉकेटच्या पिना आतून हिरव्या होत्या म्हणून सॉकेट काढायला घेतलं, ३९ पिना सुटल्या आणि ग्राउंडची सुटेना, ग्राउंड प्लेन (बोर्डातला तांब्याचा सलग थर) सगळी उष्णता ओढून घेतो. खूप वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवलं आणि शेजारचा पॅड (पिन जोडायचा तांब्याचा ठिपका) उचलला गेला. तिथेच सगळं बंद करून उठलो, चिडून काम केलं की अजून दोन पॅड जातात.

दुसऱ्या दिवशी भिंग लावून बॅटरीखालचा मास्क (तांब्यावरचा रंगाचा थर) फायबरग्लास पेनने खरवडला. वरून फक्त जरा काळसर दिसत होता, पण खाली तांबं नव्हतंच, काळी पूड निघाली. दोन ट्रॅक (तांब्याच्या बारीक रेघा) पूर्ण तुटलेले, तिसरा प्रोब दाबला की ४० ओहम दाखवायचा आणि सोडला की ओपन. एक व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं भोक) वरून चकचकीत, आतून खाल्लेली. मला वाटतं आपण सगळे धुण्यावर फार विसंबतो, बॅटरीच्या आसपासचा प्रत्येक ट्रॅक मीटरने मोजलाच पाहिजे. तीन ठिकाणी ३० गेजची वायर, उचललेल्या पॅडला चौथी, नवीन सॉकेट.

आज बीप गेले, स्क्रीनवर मेमरी मोजायला लागली, पूर्ण ४ एमबी! सीमॉस चेकसम एरर आहे, म्हणजे बोर्डाने जपलेली सेटिंग्ज पुसली गेलीत, ती बॅटरी नसल्यामुळे. तिथे सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी लावणार, पण डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) टाकून, कारण बोर्ड ती चार्ज करायला बघेल आणि ती रिचार्जेबल नाही.

आता एफ१ दाबायला सांगतोय आणि कीबोर्ड मात्र मेलेला. सॉकेटवर ५ व्होल्ट येत नाहीयेत, शेजारचा छोटा फ्यूज ओपन, त्याचेही पाय हिरवे. रविवारी तो काढतो.