दिंडीतली आई

आई गेली त्याच्या पुढच्या आषाढीला मी तिच्याच दिंडीत चालले, आळंदी ते पंढरपूर, माउलींच्या पालखीसोबत. वारीबद्दल लिहायचं म्हणून बसले की आईच पुढं येते, आणि ती आम्ही घरात बघितलेली आई नसते, दिंडीतल्या बायकांनी वाटेनं चालता चालता मला सांगितलेली असते, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

घरात ती आम्हाला दिसली ती सतत कामात. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, वडील मुंबईला परळच्या गिरणीत, आणि इकडं आई, शेत, दोन म्हशी, सासू-सासरे आणि आम्ही भावंडं. 1972 च्या दुष्काळात ती नवी नवरी होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची ती स्वतः न खाता पदरात बांधून घरी आणायची. हे ती शेवटपर्यंत सांगायची आणि तिच्यासमोर ताटात एक शीत टाकायची कुणाची हिंमत नव्हती, नातवंडांचीसुद्धा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील ट्रंक घेऊन गावी आले ते परत गिरणीत गेलेच नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं आमचं घर चाललं ते दर दहा दिवसांनी डेअरीतून येणाऱ्या दुधाच्या पगारावर. आमच्या वह्या, बहिणीचं बाळंतपण, विहिरीची मोटार, सगळं त्यातनंच. बोलायची कमी. माया होती पण ती हातातनं यायची, तोंडातनं नाही, डोक्याला तेल लावताना बोटं अशी फिरायची की जागच्या जागी झोप लागायची. धाकट्या भावाचं लग्न झालं, म्हशी सुनेच्या हवाली झाल्या आणि मग तिनं पहिल्यांदा माळ घातली आणि वारी धरली ती धरलीच.

माझी लेक पुण्याला शिकते, ती पुणे ते जेजुरी माझ्याबरोबर होती. आजीची सगळ्यात लाडकी. 2020 ला पालख्या चालत गेल्या नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, त्या लॉकडाऊनमध्ये लेक मामाकडं गावीच अडकलेली, तिनं आजीला अंगणातल्या तुळशीभोवती रोज चालताना बघितलंय. सकाळी आणि संध्याकाळी, पदर खोचून, आणि मध्येच थांबून म्हणायची आज वाल्हं आलं, आज नीरेला माउलींचं स्नान. लेक ऑनलाइन लेक्चर म्यूट करून तिच्यामागं चालायची.

दिंडीत बायका मागं असतात, पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी आणि त्यांच्यामागं तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. मला आईची तुळस दिली. एवढंसं ते वृंदावन, पण हडपसर सोडेपर्यंत माझी मान भरून आली, तर आक्कांनी हाताला धरून बाजूला घेतलं. आक्का म्हणजे आमच्या दिंडीतल्या सगळ्यात जुन्या, अंगणवाडीत नोकरी करून रिटायर झालेल्या. म्हणाल्या, "पोरी, चुंबळ सैल झालीया तुजी." आणि पिशवीतनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली, पंजाभोवती गुंडाळली, हात सोडवून घेतला, मग राहिलेलं टोक त्या कड्यावर आतनं-बाहेरनं फिरवत घट्ट ओढत आणलं आणि शेवट आत खोचून टाकला, गाठ नाही मारायची कारण गाठ टाळूला रुतते. डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबली. मग म्हणाल्या, ही रीत तुझ्या आईची, आम्ही सगळ्या आधी गाठच मारायचो. दिवेघाट त्यानंतर चढले, एकादशी होती, पोटात शेंगदाणे आणि केळी तेवढी, पाऊस नुसता भुरभुरत होता, वळणावरनं मागं बघितलं की खाली माणसंच माणसं आणि वर रथ ओढणारी बैलं, आणि मान खरंच दुखली नाही.

सासवडला पोचलो तेव्हा अंधार पडलेला. ट्रकमधनं सामान उतरवून तंबू ठोकले, फराळाला बसलो तर एक मावशी लेकीकडं निरखून बघत म्हणाल्या, तूच का गं ती, जिच्या दहावीच्या निकालाचे पेढे आजीनं अख्ख्या दिंडीला वाटले? आम्हा दोघींना माहीत नाही! घरी ती फक्त म्हणाली होती, पास झाली का, बरं झालं. आणि इकडं शे-दीडशे माणसांना पेढे. लेक त्या मावशींच्या गळ्यात पडून जी रडायला लागली ती थांबेचना, आणि मावशी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या, म्हणाल्या, रड बाई, वारीत रडायला लाज नसती.

तिथून पुढं रोज काहीतरी कळायला लागलं. बायका चालताना गातात, हे सगळ्यांना माहितीये, पण आमच्या आईला गाताना आम्ही कधी ऐकलंच नव्हतं, देवाची आरतीसुद्धा ओठातल्या ओठात. दिंडीत मात्र ओवी सांगायला तीच पुढं. जात्यावर बसून जुळवलेल्या तिच्या स्वतःच्या ओव्या, त्यातली एक बायकांना सगळ्यांना पाठ आहे:

बाई गिरणीचा भोंगा वाजं मुंबई शहरी
हितं जात्यापाशी मी गं जागी पहाटंच्या पारी

नीरा ओलांडल्यावर ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझे पाय जागेवरच थांबले, मागनं माणसं धक्के देतायत आणि मला हलवेना. वडील मुंबईला असताना तिला एकटीला कसं वाटत असेल हे आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही, आणि ते ती इथं खड्या आवाजात गात होती, आणि एवढ्या बायका तिच्यामागं म्हणत होत्या. त्यांच्यातल्याही कितीजणींचे नवरे गिरणीत होते, नाहीतर माथाडीत.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. दोन्ही बाजूला दिंड्या दाटून उभ्या, मधनं घोडे सुटले आणि क्षणात गेलेसुद्धा, मग सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. त्यानंतर फुगड्या. आई फुगडी खेळायची म्हणे, साठीत! गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर बसायची ती. एक बाई म्हणाली, तुझ्या आईनं मला इथंच गरागरा फिरवून पाडलं होतं आणि स्वतः हसत उभी होती. मी हे डोळ्यासमोर आणायचा खूप प्रयत्न केला. आईचं मोकळं हसणं मला नीट आठवत नाही, पण त्या बाईच्या तोंडावर ते दिसत होतं.

आणि फलटणच्या मुक्कामात आक्कांनी जे सांगितलं ते सगळ्यात मोठं. आई शाळेत गेलेली नव्हती, अंगठा लावायची. हरिपाठ ऐकून ऐकून पाठ झालेला. एका वर्षी आक्कांनी तिच्या हातात हरिपाठाची छोटी पुस्तिका दिली आणि म्हणाल्या, तुला सगळं पाठ आहे ना, मग तू म्हणत जा आणि बोट फिरवत जा. झालं, रात्री तंबूत सगळ्या झोपल्या की या दोघी बॅटरीच्या उजेडात. आधी तिनं ह आणि र ओळखले, कारण हरि शब्द पानापानावर. मग जीभ पुढं जायची आणि बोट मागं राहायचं, की थांबायची, परत मागं यायची, तोंडातलं आणि कागदावरचं जुळेपर्यंत पुढं सरकायची नाही. जोडाक्षरांना दोन वाऱ्या गेल्या. म्हणजे मधलं आख्खं वर्ष घरी ती कुणाला न सांगता पुस्तिका उघडून बसत असणार, आणि आम्हाला वाटायचं म्हातारी पोथी समोर धरून पाठ केलेलं म्हणतेय.

हे ऐकल्यावर भावानं सांगितलेली एक गोष्ट आठवली. पेन्शनच्या कागदासाठी तो तिला घेऊन गेला होता, समोरच्या माणसानं सवयीनं शाईचं पॅड सरकवलं तर आईनं ते बाजूला केलं आणि पेन मागितलं. सावकाश, एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. भावाला वाटलं त्याच्या बायकोनं शिकवलं, बायकोला वाटलं नातवंडांनी शिकवलं, आणि आई म्हणाली, आलं असंच. एवढंच.

पंढरपुरात आक्का मला प्रदक्षिणेच्या रस्त्यानं घेऊन गेल्या. म्हणाल्या, वाचायला यायला लागल्यावर तिला या रस्त्यानं आणणं म्हणजे डोक्याला ताप, प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचायची, कुंकू, बुक्का, अष्टगंध, चुरमुरे, तुळशीच्या माळा, भक्त निवास, आणि एखादी चुकली तर मागं येऊन परत वाचायची, आम्ही ओरडायचो, अगं बाई कळस तरी बघू दे! एकादशीला दर्शनाच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो नाही, आईसुद्धा त्या दिवशी राहायची नाही. चंद्रभागेत अंघोळ केली, नामदेव पायरीला डोकं ठेवलं, कळसाला हात जोडले.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला, लाह्या हातात असतानाच आक्कांनी अजून एक विषय काढला. दिंडीत प्रत्येकाला भिशी भरावी लागते, जेवण, ट्रक, तंबू, पाण्याचा टँकर याचा खर्च त्यातनं निघतो. आमच्या दिंडीतल्या एका विधवा मावशींची भिशी आई दरवर्षी भरत होती, त्यांना कळू न देता, पावती फाडून आक्कांकडं द्यायची. ती गेल्यावर यंदा आक्कांनी स्वतः भरली, पण त्यांच्याकडंही पैसा तो केवढा. मी तिथूनच भावाला फोन लावला, त्याला सगळं सांगायला लागले, ओव्यांचं, पेढ्यांचं, बॅटरीचं, तो बराच वेळ नुसता ऐकत होता. मग म्हणाला, मावशींची पावती आता दरवर्षी माझ्याकडं, आणि आक्कांना विचार, कुणाच्या नावानं फाडायची. आक्का म्हणाल्या, नाव नको घालू, तुझी आईपण घालायची नाही.