झाकण उघडा, मग बोला

चिपळूणच्या बाजारपेठेत आण्णांनी घड्याळदुरुस्तीचं टेबल मांडलं तेव्हा एचएमटीसाठी लोक नंबर लावून बसायचे. पुढे क्वार्ट्झ आलं, मग मोबाइल आला, आणि आमच्या ओळीतल्या कित्येकांनी भिंग खाली ठेवून रिचार्जची दुकानं काढली. आम्ही टिकलो. मधल्या वर्षांचं काय सांगायचं? सेल बदलले, पट्टे बदलले, दसऱ्याला टेबलाची पूजा केली. सांगायचंय ते २२ जुलै २०२१ चं, आणि त्यानंतर आमच्याबद्दल जे बोललं गेलं त्याचं.

वाशिष्ठीचं पाणी चिपळूणकराला नवं नाही. २००५ चा पूरही आम्ही पाहिलाय. पण या खेपेला पाणी थेट माळ्याला लागलं. ओसरल्यावर शटर कसंबसं उचललं, तर गिऱ्हाइकांची घड्याळं ड्रॉवरमध्ये चिखलात रुतलेली. आण्णांच्या स्टेकिंग सेटची (घड्याळाचे बारीक भाग ठोकून बसवायच्या हत्यारांची) लाकडी पेटी फुगून तिचं झाकण बसेना. त्याच्याकडे बघायलाही सवड नव्हती. पाणी शिरलेलं घड्याळ तसंच हवेवर राहिलं की आतलं पितळ तग धरतं, स्टील नाही. चावीची दांडी, सेटिंगचे लिव्हर आणि ती केसासारखी हेअरस्प्रिंग, म्हणजे आतल्या चाकाला मागे-पुढे झुलवणारी बारीक स्प्रिंग, आधी जातात. म्हणून हाताला येईल ते घड्याळ उघडायचं, स्वच्छ पाण्यात विसळायचं, स्पिरिटमध्ये बुडवायचं आणि मग पेट्रोलमध्ये. लाईट नाही, बॅटरीच्या उजेडात हे चाललेलं.

आणि आम्ही हे करत असताना आमच्याच धंद्यातल्या एका सद्गृहस्थांनी बाजारात सोडून दिलं की, ‘पुराच्या नावाखाली हे जुन्या घड्याळांतली ओरिजिनल मशीनं काढून घेतायत.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला! नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. लोक येऊन अर्धवट उघडलेली घड्याळं परत मागू लागले. आमची नोंदवही भिजून लगदा झालेली, दाखवणार काय? ती दिवाळी दुकान विकायच्या बोलण्यात गेली.

दाभोळच्या खाडीकडचे आमचे एक चाचा आहेत. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, आण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांचं ओमेगा सीमास्टरही त्याच पाण्यात सापडलं होतं. एक दिवस येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, “लोक काय बोलतात ते मी ऐकलंय. तू उघड, मला बघू दे.”

उघडलं. झाकणाच्या आत १६६ ने सुरू होणारा केसचा नंबर. ओमेगाच्या त्या काळच्या पद्धतीत याचा अर्थ पुरुषांचं, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), तारखेचं, वॉटरप्रूफ घड्याळ. आत मशीन ५६५ नंबरचं, २४ जुवेलचं (जुवेल म्हणजे चाकांचे आस ज्यात फिरतात ते खडे), ऑटोमॅटिक आणि तारखेचंच. ब्रिजचा, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीचा, तो तांबूस रंग एका कडेला डागाळलेला, पण शाबूत. आता मुद्द्याचं. या घड्याळाचा सीरियल नंबर केसवर नसतो, मशीनवर असतो. चाचांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून गॅरंटीचं जुनं कार्ड काढलं. मी भिंगातून एकेक आकडा वाचायचा, ते कार्डावर बोट सरकवत जायचे. आठच्या आठ आकडे जुळले. झाकणाच्या कडेला आण्णांनी सर्व्हिसिंगच्या वेळी सुईने कोरलेला महिना-सालही जागेवर होता. (हल्लीचे शौकीन अशा खुणांना नाकं मुरडतात. मला विचाराल तर घड्याळाची जन्मपत्रिकाच ती!)

चाचा म्हणाले, “त्या माणसाला सांगू की बाजाराला सांगू?” त्यांनी बाजारालाच सांगितलं. घड्याळं परत येऊ लागली.

आता त्या सद्गृहस्थांचा माल. पुढल्या गणपतीत एक चाकरमानी त्यांच्याकडून घेतलेलं ‘जुनं ओमेगा’ घेऊन आमच्याकडे आले, तारीख बदलत नाही म्हणून. बदलणार कशी? आत चावीचं, बिनतारखेचं मशीन. तारखेच्या खिडकीत आकडा चिकटवलेला. मशीन केसपेक्षा लहान, म्हणून भोवती प्लॅस्टिकची रिंग ठोकलेली, तरी हलवलं की खुळखुळ. डायल उचलली तर मागचे दोन्ही पाय छाटलेले. डायलचे पाय मशीनच्या ठरलेल्या भोकांतच बसतात. भोकं जुळली नाहीत की पाय कापून डायल डिंकाने डकवतात. यांनी तेच केलेलं. मी काही बोललो नाही, नुसतं भिंग त्या भाऊंच्या हातात दिलं.

म्हणून सांगतो, जुनं घड्याळ घेताना डायलच्या चकाकीवर जाऊ नका, डायल रंगवून मिळते. डायलवर १७ जुवेल लिहिलंय आणि मशीनवर दुसरा आकडा, तर पैसे खिशातच ठेवा. सेको असेल तर झाकणावरच्या नंबरचे पहिले चार आकडे मशीनच्या नंबरशी जुळले पाहिजेत. ७००९ च्या झाकणाखाली ६३०९ निघालं तर कोणीतरी दोनाचं एक केलंय. एचएमटीत मात्र डोकं फार शिणवू नका. जनता आणि पायलट, दोन्हींत तेच ०२३१ बसतं, त्यामुळे एकाचं मशीन दुसऱ्यात गेलेलं नंबरावरून कळत नाही आणि चालण्यात फरकही पडत नाही. तिथे डायल आणि काटे बघा. आणि हो, जुनं घड्याळ हातात घालून समुद्रात उतरू नका. ‘वॉटरप्रूफ’ हे कंपनीने घड्याळ नवीन असताना लिहिलेलं असतं.

आता आमच्याकडे घड्याळ आलं की गिऱ्हाइकासमोरच झाकण उघडतो, मशीनचा फोटो काढून त्यांच्याच मोबाइलवर पाठवतो आणि मगच पावती फाडतो. नुसतं उघडून दाखवायचे पैसे घेत नाही. फक्त सकाळी या. दुपारनंतर दुकानात उजेड कमी येतो आणि माझे डोळेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.