एकटेच फिरता, मग मध्येच काही बिघडलं तर?

गाण्याचा कार्यक्रम संपतो, स्टेजवर केबल गुंडाळणं चालू असतं आणि कुणीतरी जवळ येऊन विचारतं, "तुम्ही एकटेच फिरता ना? मग मध्येच काही बिघडलं तर काय करता?" त्या घाईत उत्तर दिलं जातं, "जमवतो काहीतरी." हे उत्तर खोटं आहे. आयत्या वेळी जमवायला एकट्या माणसाकडे हातच उरलेले नसतात. दोन्ही हात गिटारवर, तोंड माइकपाशी. म्हणजे जमवाजमव आधीच झालेली असावी लागते. तुम्ही विचारलंत म्हणून ती नीट सांगतो. गिटार घेऊन गाणाऱ्याच्या बाजूने लिहितोय, पण वाद्य दुसरं असलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तुटलेली तार असते. खरं तर ते सगळ्यात सोपं संकट. दिसतं, ऐकू येतं, श्रोत्यांची सहानुभूतीही मिळते. अवघड असतं ते गाण्याच्या मध्यावर गिटारचा आवाज स्पीकरमधून नाहीसा होणं. बँडमध्ये एकाचा आवाज गेला तर बाकीचे आठ-सोळा मात्रा ओढून नेतात. इथे ओढायला कोणी नाही. त्यामुळे माझ्या लेखी एकट्याच्या सामानाचा पहिला नियम असा: गिटारपासून मिक्सरपर्यंतच्या साखळीतली कुठलीही कडी पंधरा सेकंदांत काढून टाकता आली पाहिजे आणि ती काढल्यावर उरलेलं वाजत राहिलं पाहिजे.

साखळी साधारण अशी असते: पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), केबल, ट्यूनर पेडल, असल्यास लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारं पेडल) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारं पेडल), मग डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी), तिथून मिक्सर. आवाज गेला की बहुतेक जण खाली वाकून एकेक पेडल दाबत बसतात. तसं करू नये. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणायचा, नाहीतर स्पीकरमधून जोराचा ठोका बसतो. पहिल्या पेडलमधली केबल काढून सरळ डीआयमध्ये घालायची आणि व्हॉल्यूम वाढवायचा. आवाज आला तर दोष पेडलमध्ये किंवा त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. त्याची चौकशी मध्यंतरात. आता गाणं पुरं करायचं. नाही आला तर दुसरी केबल, जी डीआयच्या शेजारीच गुंडाळून ठेवलेली असते. बॅगेत असलेली केबल म्हणजे नसलेली केबल. तरीही शांतता असेल तर गिटारमधली 9 व्होल्टची बॅटरी संपलेली असते, नाहीतर मिक्सरवर कुणीतरी फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच डीआयला मिळणारी वीज) बंद केलेली असते. अशा वेळी शोधाशोध न करता गायनाचा माइक छातीच्या उंचीवर आणायचा, थोडं मागे सरकायचं आणि आवाज व गिटार दोन्ही त्या एका माइकमधून जाऊ द्यायचं. आवाज पातळ येतो, पण गाणं तुटत नाही.

बॅटरीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा दोष पूर्ण टाळता येण्यासारखा आहे. प्रीॲम्प (पिकअपचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) असलेल्या बहुतेक ॲकॉस्टिक गिटारींमध्ये जॅक आत घातला की बॅटरी चालू होते. रात्रभर केबल तशीच राहिली तर बॅटरी वाजवलं नसतानाही उतरते. मरणारी बॅटरी एकदम गप्प होत नाही. आधी जोराच्या स्ट्रोकला आवाज फाटायला लागतो आणि साउंडवाला उगाच मिक्सरवर गेन कमी करत बसतो. बॅटरी बदलली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून आत लावावी आणि ती संपायची वाट न बघता ठरलेल्या कार्यक्रमांनंतर बदलावी.

डीआय बॉक्स दोन प्रकारचे. ॲक्टिव्ह डीआयला 48 व्होल्टची फँटम पॉवर किंवा बॅटरी लागते. पॅसिव्हमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला काहीच लागत नाही. म्हणून जवळ ठेवायचा दुसरा डीआय पॅसिव्ह असावा. एक अट मात्र आहे. गिटारमध्ये प्रीॲम्प नसलेला नुसता पिएझो (दाबातून सिग्नल काढणारा) पिकअप असेल तर त्याला पुढच्या डबीचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, साधारण 1 मेगाओम किंवा त्याहून जास्त हवा असतो. पॅसिव्ह डीआयचा त्यामानाने बराच कमी असतो, त्यामुळे खर्ज गळतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. असा पिकअप असेल तर मध्ये छोटा प्रीॲम्प ठेवावा.

आता घूं आवाज. जिथे वीज 50 हर्ट्झची तिथे 50 आणि 100 हर्ट्झवर, जिथे 60 ची तिथे 60 आणि 120 वर. पेडलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर आणि दोघांचं अर्थिंग ऑडिओ केबलमधूनही जोडलेलं, की हा ग्राउंड लूप तयार होतो. आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण, म्हणजे ऑडिओ केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं, दाबून बघावं. मग लॅपटॉपचा चार्जर काढून. मग स्टेजवरचा आपला एक्स्टेंशन बोर्ड मिक्सरच्याच लाइनवर घेऊन. अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिला टेप लावणं हा उपाय नव्हे, ती आत्महत्येची तयारी आहे. आपले हात तारांवर असतात आणि ओठ माइकच्या जाळीला लागतात. दोघांमध्ये विजेचा दाब असेल तर तो आपल्यातूनच जातो. ओठांना झिणझिणी जाणवली तर अर्थिंग तपासून होईपर्यंत कार्यक्रम सुरू करू नये, आयोजक कितीही घाई करोत.

पेडलला बहुधा 9 व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह असा सप्लाय लागतो. पिन सारखीच दिसते म्हणून 18 व्होल्टचा किंवा उलट पोलॅरिटीचा अडॅप्टर लावला गेला की पेडल जळू शकतं. स्वतःच्या अडॅप्टरवर रंगीत टेप लावावी. परदेशी जाताना त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. 100–240 असं छापलेलं असेल तर नुसती पिन बदलून जगभर चालतो. फक्त 230 असेल तर 120 व्होल्टच्या देशात तो ओझं होतो.

शिट्टीचे, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये किंवा गिटारमध्ये शिरून होणाऱ्या फीडबॅकचे, दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. माइकची शिट्टी उंच असते. ती मॉनिटरच्या, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या, जागेवरून ठरते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या थेट मागे. सुपरकार्डिऑइड (समोरून त्याहून अरुंद ऐकणारा) मागून थोडं ऐकतो आणि मागच्या दोन तिरप्या बाजूंनी, समोरून मोजल्यास सव्वाशे अंशांच्या आसपास, सगळ्यात कमी. त्याला मॉनिटर तिरपा लागतो. गिटारची शिट्टी म्हणजे शिट्टी नसून हुंकार असतो, कारण मोठ्या पेटीच्या गिटारमधली हवा सुमारे 100 हर्ट्झला स्वतःच घुमते आणि मॉनिटरचा आवाज तिला ढकलत राहतो. त्यावर साउंडहोलला (पेटीवरच्या भोकाला) रबरी झाकण बसवावं, इक्वलायझरवर त्याच 100 हर्ट्झच्या आसपास अरुंद कट घ्यावा किंवा फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघावं. सगळा खर्ज कापून टाकणं हा आळशी उपाय. एकट्या कलाकाराच्या गाण्यात खर्ज गिटारच देते. तो गेला की खाली काहीच उरत नाही.

साउंडचेकला अर्धा तास मिळेल असं सांगितलेलं असतं आणि हातात दहा मिनिटं येतात. तेव्हा आधी गाण्याचा माइक, मग गिटार, मग मॉनिटर. सगळ्यात जोराच्या गाण्याचा एक तुकडा, सगळ्यात हळू गाण्याचा एक तुकडा, बास. रिकाम्या हॉलमध्ये तार सप्तक टोचतं म्हणून ते कापायला सांगू नये. माणसं आणि त्यांचे कपडे तोच भाग शोषतात. मग भरलेल्या हॉलमध्ये आवाज घोंगडीखालून येतो.

तारेचं. तार नेहमी एकाच ठिकाणी तुटत असेल, सॅडलवर (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) किंवा ट्यूनिंग पेगपाशी, तर दोष तारेचा नाही. तिथे धारदार कंगोरा आहे, तो बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावा. स्टीलच्या तारा आदल्या दिवशी बदलून हाताने ताणून घ्याव्यात. नायलॉनच्या तारा दोन-तीन दिवस सरकत राहतात, त्यामुळे त्या कार्यक्रमाच्या दिवशी बदलूच नयेत. अख्ख्या सेटबरोबर पहिली आणि तिसरी तार सुटी जास्त ठेवावी. ॲकॉस्टिक सेटमध्ये तिसरी गुंडाळलेली असली तरी आतला गाभा अगदी बारीक असतो, म्हणून ती वरचेवर जाते. एक तार गेली की मानेवरचा ताण कमी होऊन उरलेल्या किंचित चढतात, तेव्हा उरलेलं गाणं तसंच रेटताना बेसूर वाटलं तर ते कानाचे दोष नव्हेत. वाइंडर (पेग भराभर फिरवणारा) आणि कटर हाताशी असतील तर दीड-दोन मिनिटांत तार बदलते. तेवढ्या वेळासाठी गाण्यांच्या यादीत एक गाणं वाद्याशिवाय गाता येणारं असावं. ते यादीत शेवटी, चौकटीत लिहायचं. कधी वापरलं जाईल हे ठरलेलं नसतं.

प्रवासात गिटार कुठे मोडते? बहुतेक वेळा मान जिथे डोक्याला मिळते तिथे. गिटारची केस पाठीवर आपटते, गिटारची पेटी थांबते आणि पेगांच्या वजनाने डोकं पुढे जातच राहतं. केस कितीही महाग असली तरी आत डोक्याच्या खाली आणि वर पोकळी असेल तर उपयोग नाही. टी-शर्ट, टॉवेल काहीही भरावं, पण घट्ट, आणि पेटीही आत सरकता कामा नये. तारा पूर्ण सैल कराव्यात का? मला गरज वाटत नाही. साध्या स्टीलच्या सेटचा एकूण ताण 70 किलोच्या आसपास असतो आणि मानेतला ट्रस रॉड (धातूची सळई) त्याच्याच विरुद्ध जुळवलेला असतो. एखादा स्वर उतरवला की पुरतं.

आर्द्रता 45 ते 55 टक्के राहावी. हवा कोरडी पडली की फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना बोचतात, वरची फळी बसते, तारा खणखणतात. दमट झाली की फळी फुगते आणि तारा उंच जातात. केसमध्ये आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवावीत आणि खोलीत हीटर किंवा एसी असेल तर गिटार बाहेर शोभेला ठेवू नये. थंड गाडीतून गरम हॉलमध्ये आणल्यावर केस तासभर बंदच ठेवावी, नाहीतर पॉलिशला चिरा जातात. उन्हात बंद गाडीत ठेवली तर डिंक मऊ होतो आणि ब्रिज उचलला जातो.

विमानाचं थोडक्यात: लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच, 100 वॅट-अवरपर्यंत परवानगीशिवाय. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॅट-अवर भरते, म्हणजे चालते. जुन्या गिटारमध्ये ब्राझीलियन रोझवूड असेल तर 1992 पासून ते साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदांशिवाय सीमा ओलांडू नये.

आता ज्याला सुटा भाग मिळत नाही ते: गळा. गाण्याने गळा जातो हा समज आहे. दौऱ्यावर तो बोलण्याने जातो. गाडीत, विमानात, कार्यक्रमानंतर सीडी-टीशर्टच्या टेबलापाशी. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. टेबल स्पीकरपासून लांब मांडावं आणि समोरच्याच्या कानाशी जाऊन सावकाश बोलावं. कुजबुज करून गळा वाचत नाही, उलट ताण येऊ शकतो. विमानातली हवा बहुधा 20 टक्क्यांहून कमी आर्द्रतेची असते, तेव्हा पाणी आधीपासून प्यावं, स्टेजवर चढताना घटाघट पिऊन उपयोग नाही. अरुंद स्ट्रॉमधून सूर खालून वर सरकवत तीन ते पाच मिनिटं काढले तर स्वरतंतू कमी ताणात जागे होतात. बधिर करणारे स्प्रे वापरू नयेत. दुखणं कळत नाही आणि माणूस त्यावर गात राहतो.

आणि गळा बसलाच तर? इथेही कडी काढायची सोय हवी. प्रत्येक गाण्यापुढे यादीत दुसरी पट्टी लिहिलेली असावी, एक किंवा दोन स्वर खाली, कॅपो (तारा दाबून पट्टी वर नेणारी क्लिप) कुठे आणि कॉर्ड कुठले यासकट. घरी त्या पट्टीत वाजवून बघितलेलं असावं. काही गाणी खाली नेली की मरतात, ती त्या रात्री वगळायची.

बाकी सगळं फोनवर मिटतं, आठवडाभर आधी. सामान किती वाजता आत न्यायचं, गाडी कुठे लावायची, फँटम पॉवर आहे का, मिक्सरवर कोण बसणार, किती वाजता आवाज बंद करावा लागतो, पैसे कोण आणि कसे देणार. उत्तरं लेखी मागून घ्यावीत. नकाशा चार तास म्हणाला तर साडेपाच धरावेत आणि कार्यक्रमानंतर रात्री स्वतः गाडी चालवू नये. स्टेजवरची तरतरी तासाभरात ओसरते आणि डुलकी सांगून येत नाही.

शेवटचा बिघाड स्टेजवरून उतरताना होतो. मागे राहतात त्या नेहमी छोट्या वस्तू: कॅपो, अडॅप्टर, माइकची क्लिप, केबल. म्हणून सामानावर एकाच रंगाची टेप आणि आकडे, एक ते चौदा, जे असतील ते. गुंडाळताना मोठ्याने मोजायचं. तेव्हा पुढच्या वेळी प्रश्न विचारायला आलात आणि समोरचा आकडे मोजताना दिसला, तर चौदा होईपर्यंत थांबा.