लढू देत आपापसात?

मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "सर, आयसिस आणि अल-कायदा एकमेकांच्या जिवावर उठलेत ना? मग लढू देत आपापसात! आपलं काय जातंय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून आज पूर्ण सांगतो.

आयसिसचा म्होरक्या बगदादी आणि अल-कायदाच्या सीरियातल्या नुस्रा या शाखेचा म्होरक्या जोलानी यांचं २०१३ मध्ये का फाटलं, अल-कायदाचा तेव्हाचा प्रमुख जवाहिरी याचा निवाडा बगदादीनं कसा धुडकावला, हे विचारणाऱ्यांना माहीत असतं. यार्मूक माहीत नसतं.

सीरियाची राजधानी दमास्कसच्या दक्षिणेची ही पॅलेस्टिनी निर्वासितांची वस्ती. युद्धाआधी तिथे दीड लाखाच्या वर पॅलेस्टिनी राहत. २०१३ पासून सरकारी फौजांनी असा वेढा घातला की माणसं उपासमारीनं मेली. जानेवारी २०१४ मधला एक फोटो मी वर्गात दाखवतो: दोन्ही बाजूंना पडक्या इमारती आणि मधल्या रस्त्यावर नजर पोचेल तिथवर अन्नाच्या खोक्यांसाठी खोळंबलेली माणसं. सुमारे १८ हजार लोक उरले असताना, १ एप्रिल २०१५ ला, आयसिस शेजारच्या हजर अल-अस्वदमधून आत शिरली. वस्तीत नुस्राचा जम होता. उत्तर सीरियात हे दोन गट एकमेकांना गोळ्या घालत होते; इथे नुस्रानंच वाट करून दिली, असं आतले लोक सांगत होते. नुस्रा म्हणाली, आम्ही तटस्थ. हमासच्या जवळचा मानला जाणारा अक्नाफ बैत अल-मक्दिस हा वस्तीतला पॅलेस्टिनी सशस्त्र गट दोघांनाही नकोसा होता. तो मोडला. आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच गल्ल्यांत आयसिस आणि नुस्रा एकमेकांवर तुटून पडले. जुळलं तेव्हा यार्मूक भरडलं, बिनसलं तेव्हाही यार्मूकच.

हे बोललो की "तुम्हाला त्यांचा फार पुळका" असं ऐकावं लागतं. ते जिव्हारी लागतं. त्यांचा एखादा म्होरक्या त्यांच्याच माणसांनी मारल्याची बातमी वाचून मलाही क्षणभर बरं वाटतं, हे लपवत नाही. फुटीनं ते दुबळे होतात, हेही उडवून लावत नाही. २०१९ मध्ये पूर्व अफगाणिस्तानातल्या नांगरहारमधून आयसिसच्या खोरासान गटाचे, म्हणजे तिथल्या शाखेचे, पाय उखडले, त्यात तिच्या वैरी तालिबानचाही हात होता. पण त्याच गटानं २६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळाच्या दारात स्फोट घडवला. तालिबाननं शहर घेऊन पंधरवडाही झाला नव्हता. देश सोडायला कागदपत्रं हातात धरून गटाराच्या पाण्यात ताटकळलेले सुमारे १७० अफगाण त्यात गेले. ते कुणाच्या बाजूनं भांडत होते, हे आता विचारणाऱ्यांनीच मला सांगावं.